मांजराला नाव कसं द्यावं आणि त्याचं उत्तर कसं ओळखावं

घरात नवं मांजर आलं की पहिला प्रश्न नावाचा असतो. आठवडाभराने दुसरा येतो: "इतक्या हाका मारतो, तरी येत कसं नाही?" हे दोन प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात. मांजर बहुतेक वेळा हाकेला ओ देतं, फक्त ते पायांनी न देता कानांनी देतं, आणि आपण पायांकडे बघत बसतो.

२०१९ मध्ये जपानमधल्या संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाळीव मांजरांना आधी त्यांच्या नावाएवढ्याच लांबीचे चार वेगळे शब्द एकापाठोपाठ ऐकवले आणि मग नाव उच्चारलं. पहिल्या शब्दाला कान वळवणारी मांजरं चौथ्या शब्दापर्यंत कंटाळून स्वस्थ झाली होती, पण नाव आल्यावर बऱ्याच जणांचे कान पुन्हा वळले, डोकी हलली. आवाज काढणारी किंवा उठून येणारी मांजरं थोडीच होती. म्हणजे नाव त्यांना कळलं होतं. आलं पाहिजे असं मात्र त्यांना वाटलं नव्हतं.

म्हणून या लेखात नाव कसं निवडायचं आणि शिकवायचं हे आधी आहे, आणि नाव घेतल्यावर मांजराच्या अंगावर जे उमटतं ते कसं वाचायचं हे त्यानंतर.

नाव ठरवण्याआधी चार दिवस थांबा

पिल्लाचे डोळे बघून नाव ठेवू नका. सगळ्या पिल्लांचे डोळे जन्मतः निळेच असतात. खरा रंग साधारण सहा ते आठ आठवड्यांनंतर उमटायला लागतो आणि पक्का व्हायला तीन-चार महिने लागतात. 'नीलम' म्हणून घरी आणलेलं पिल्लू दिवस सरतील तसं पिवळ्या डोळ्यांचं होतं. सयामी जातीची पिल्लं तर जवळजवळ पांढरी जन्मतात आणि कान, तोंड, पंजे, शेपटी असे शरीराचे थंड भाग नंतर काळसर होत जातात.

बोका की भाटी, हे लहान पिल्लात भल्याभल्यांना चुकवतं. शेपटी अलगद वर करून दोन छिद्रांमधलं अंतर बघा. मादीत ते जेमतेम अर्धा सेंटिमीटर असतं आणि खालचं छिद्र उभ्या चिरेसारखं दिसतं. नरात अंतर सेंटिमीटरभर किंवा जास्त असतं आणि छिद्र गोल असतं. रंगाचीही मदत होते. काळा, नारिंगी आणि पांढरा असे तीन रंग एका अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्कीच भाटी. पूर्ण नारिंगी मांजरांत मात्र नर जास्त, सुमारे ८० टक्के. याचं कारण म्हणजे नारिंगी रंग ठरवणारा बदल एक्स गुणसूत्रावर असतो. नराकडे एक्स एकच असल्याने तो बदल एकदा आला की पुरे, मादीकडे मात्र तो दोन्ही एक्सवर यावा लागतो. तरीही शंका असेल तर दोघांनाही शोभेल असं नाव ठेवा. पशुवैद्य पहिल्या तपासणीत लिंग पक्कं सांगतात.

पूर्ण पांढरं अंग आणि दोन्ही डोळे निळे असलेल्या मांजरांत जन्मजात बहिरेपणाचं प्रमाण बरंच असतं. अशा मांजराचे कान आधी तपासा. ते पाठमोरं बसलेलं असताना दोन मीटरवरून कागद चुरगाळा. टाळी वाजवू नका, आणि पाय तर मुळीच आपटू नका, कारण हवेचा झोत आणि जमिनीची थरथर बहिऱ्या मांजरालाही कळते आणि आपली फसगत होते. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी कान जरासुद्धा वळले नाहीत तर ऐकू येत नाही असं धरा. अशा मांजराचं नाव म्हणजे हाताची एक ठरलेली खूण. पुढच्या पायऱ्या तशाच करायच्या, फक्त शब्दाच्या जागी ती खूण दाखवायची.

कसलं नाव चालतं

दोन अक्षरी नाव सर्वांत सोयीचं: मनी, टिकू, चिंगी, बोक्या. एका श्वासात, एकाच चालीत म्हणता येतं आणि घरातली सगळी माणसं ते सारखंच म्हणतात. कागदोपत्री ऐटबाज पाच अक्षरी नाव हवं असेल तर खुशाल ठेवा, पण हाकेचं नाव पहिल्या दिवसापासून वेगळं आणि छोटं ठरवा.

नाव घरातल्या रोजच्या शब्दांशी आणि माणसांच्या नावांशी जुळत नाही ना, हे मोठ्याने म्हणून बघा. 'निकू' आणि 'नको' यांत मांजराला फारसा फरक ऐकू येणार नाही, आणि 'नको' तर दिवसातून पन्नासदा म्हटलं जातं. घरात सोनू नावाचं मूल असेल तर मांजराला मोनू म्हणू नका. दोन मांजरं असतील तर दोन्ही नावांची सुरुवात वेगळी ठेवा. चिंगी आणि चिकू ही जोडी माणसाला गोड वाटते, मांजरांना मात्र सुरुवातीचा 'चि' ऐकून दोघांनाही कान वळवावे लागतात.

लांबवलेल्या 'स्स्स' किंवा 'श्श्श'वर उभं असलेलं नावही टाळलेलं बरं. मांजर फिस्कारतं तेव्हा तसलाच आवाज करतं.

आपल्या भाषेतली एक खास अडचण म्हणजे लाडाची रूपं. मनीची मने, मनुली, मनुडी, मन्या, मनाबाई व्हायला दोन दिवस लागत नाहीत. माणसाला ही सगळी एकाच नावाची रूपं वाटतात, नव्या मांजराला ते सहा वेगळे आवाज असतात. पहिले तीन आठवडे घरातल्या प्रत्येकाने एकच रूप वापरायचं. एकदा ते पक्कं बसलं की मग हवे तेवढे लाड करा.

मोठं मांजर दत्तक घेतलं असेल आणि जुनं नाव माहीत असेल तर काही दिवस तेच वापरून बघा. नाव ऐकून कान पुढे येत असतील तर बदलायचं काही कारण नाही. बदलायचंच असेल तर नवं नाव आधी आणि जुनं त्याला जोडून म्हणा ('टिकू-राजा'), खाऊ द्या आणि आठ-दहा दिवसांनी जुनं गाळा. नाव ऐकताच मांजर अंग आक्रसून घेत असेल, कान मागे टाकत असेल, तर जुनं नाव त्याच दिवशी सोडून द्या.

नाव शिकवण्याच्या पायऱ्या

लागणारं साहित्य: मांजराला मनापासून आवडणारा खाऊ, करंगळीच्या नखाच्या निम्म्याएवढे तुकडे करून. दिवसभरातला असा सगळा खाऊ मिळून रोजच्या आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. वेळ जेवणाआधीची निवडा, कारण पोट भरलेलं मांजर शिकत नाही.

१. शांत खोलीत मांजरापासून हातभर अंतरावर बसा. ते दुसरीकडे बघत असताना नाव एकदाच म्हणा. आवाज नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीत आणि मऊ असू द्या.

२. कान वळला, डोकं फिरलं किंवा नजर आली की सेकंद-दोन सेकंदांत खाऊ समोर ठेवा. उशीर झाला तर मांजर खाऊचा संबंध नावाशी न लावता त्या क्षणी जे करत होतं त्याच्याशी लावतं.

३. काहीच हाललं नाही तर दुसऱ्यांदा हाक मारू नका. अर्धा मिनिट थांबा, थोडं जवळ सरका आणि मग पुन्हा एकदाच म्हणा.

४. एका बैठकीत पाच-सहा हाका पुरेत. अशा दोन किंवा तीन बैठका रोज. मांजर उठून गेलं की बैठक संपली, त्याच्या मागे जायचं नाही.

५. तीन-चार दिवस कान दर वेळी वळायला लागला की अंतर वाढवा: दोन मीटर, मग खोलीचं दुसरं टोक, मग शेजारची खोली. शेजारच्या खोलीतून येऊ लागलं की घरात बोलणं-चालणं सुरू असताना हाक मारा. एका वेळी एकच गोष्ट अवघड करा. अंतर आणि गोंगाट एकदम वाढवला की शिकलेलं विस्कटतं.

६. घरातल्या दुसऱ्या माणसाने पहिल्या पायरीपासून हेच करायचं. आपल्या माणसाचा आवाज मांजर परक्या आवाजापासून वेगळा ओळखतं, त्यामुळे तुमच्या हाकेला येणारं मांजर दुसऱ्याच्या हाकेला आपोआप येईलच असं नाही.

दोन मांजरं असतील तर ज्याचं नाव घेतलं त्यालाच खाऊ द्या. दुसऱ्याचीही पाळी लगेच येते हे त्याला चार दिवसांत कळतं. एका घरात राहणाऱ्या मांजरांना एकमेकांची नावंही माहीत होतात. २०२२ च्या एका जपानी अभ्यासात सोबतच्या मांजराचं नाव ऐकवून पडद्यावर भलत्याच मांजराचा चेहरा दाखवला, तेव्हा घरगुती मांजरं त्या चुकीच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघत राहिली.

दोन-तीन आठवड्यांनी परीक्षा घ्यायची असेल तर जपानी प्रयोग घरीच करता येतो. मांजर जागं पण निवांत असताना नावाएवढेच चार शब्द पंधरा-पंधरा सेकंदांच्या अंतराने सपाट आवाजात म्हणा, आणि पाचवं त्याचं नाव. मागून बसून त्याच्या कानांकडे बघा. पहिल्या शब्दाला कानाची पाळी तुमच्याकडे येते, दुसऱ्याला अर्धीच, चौथ्यापर्यंत ती पुढच्या दिशेलाच राहते. मग नाव येतं आणि एक कान सरकन मागे फिरतो. डोकं जागचं हलत नाही, डोळे अर्धवट मिटलेलेच राहतात, पण तो एक कान तुमच्या तोंडाच्या दिशेला येऊन थांबतो. ही झाली त्याची ओ.

नाव बिघडतं कसं

नाव बिघडवायला आठवडा पुरतो, सुधारायला महिने लागतात. नखं कापायला, औषध द्यायला, अंघोळीला किंवा पिंजऱ्यात घालायला मांजराला नावाने बोलावलं की पुढच्या हाकेला ते पलंगाखाली जातं. अशा कामांसाठी आपण उठून त्याच्याजवळ जायचं, नाव घ्यायचं नाही.

रागावताना नाव घेणं ही त्याहून जास्त आढळणारी चूक. "मनी! उतर खाली!" यात मनीला 'उतर' कळत नाही, तिच्या नावाला तुमचा चढलेला आवाज चिकटतो एवढंच. थांबवायचं असेल तर वेगळा, ठरलेला, छोटा आवाज वापरा आणि उतरल्यावर खाली दुसरं काहीतरी करायला द्या.

तिसरी चूक म्हणजे हाकांची माळ. "मनी, मनी, मनी, अगं मनी" अशी दिवसभर उगाच हाक ऐकली की ते नाव पंख्याच्या आवाजासारखं होतं. कान ज्या आवाजातून काही निष्पन्न होत नाही तो गाळायला शिकतात. नाव फार बिघडलं असेल तर ते दुरुस्त करत बसू नका. नवं नाव घ्या आणि पहिल्या पायरीपासून सुरू करा.

गळ्यात पट्टा घालणार असाल तर झटका बसल्यावर आपोआप सुटणारा घ्या. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. त्यावर मांजराच्या नावापेक्षा तुमचा फोन नंबर जास्त मोलाचा. हरवलेलं मांजर अनोळखी माणसाच्या हाकेला सहसा ओ देत नाही.

कान, शेपटी, डोळे

मांजराला ८५,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, आपली मजल २०,००० पर्यंत. दोन्ही कान स्वतंत्रपणे वळतात. कान पुढे आणि ताठ म्हणजे लक्ष आहे. एक इकडे, एक तिकडे फिरतोय म्हणजे ते परिस्थिती जोखत आहे. दोन्ही बाजूंना आडवे झालेले कान म्हणजे अस्वस्थपणा. डोक्याला चिकटून मागे सपाट झाले की भीती किंवा हल्ल्याची तयारी, आणि तिथे हात पुढे करू नये.

शेपटी उभी आणि टोक किंचित वाकलेलं म्हणजे स्वागत. हीच शेपटी सर्वांगाने फेंदारली आणि पाठीची कमान झाली की ते घाबरलंय आणि आकाराने मोठं दिसायचा प्रयत्न करतंय. कुत्र्यांची सवय असलेल्यांची इथेच गफलत होते. मांजराने शेपटी जोरात डावी-उजवी आपटली तर ती खुशी नसते, "पुरे" असतं. नुसतं टोक थरथरतंय आणि नजर एका जागी खिळलीये, तर ते दबा धरून बसलंय. पोटाखाली गुंडाळलेली शेपटी भीती सांगते, कधी कधी दुखणंही.

डोळ्यांत रोखून बघणं मांजरांच्या जगात आव्हान असतं. घरी आलेल्या पाहुण्यांपैकी ज्याला मांजरं आवडत नाहीत त्याच्याच मांडीवर ते जाऊन बसतं, कारण एकटा तोच त्याच्याकडे टक लावून बघत नसतो. विश्वास सांगायचा असेल तर डोळे हळूच अर्धे मिटा, क्षणभर मिटू द्या, हळूच उघडा आणि नजर जरा बाजूला घ्या. बरीच मांजरं तशीच पापणी मिटून उत्तर देतात. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी हे तपासलं, तेव्हा माणसाने असे डोळे मिटल्यावर मांजरंही जास्त वेळा डोळे बारीक करत होती आणि अनोळखी माणसाच्या हाताकडेही अधिक सहज येत होती. नव्या, बुजऱ्या मांजरासाठी पहिल्या आठवड्यात याहून चांगलं काम दुसरं नाही.

कुठे हात लावायचा आणि कधी थांबायचं

गाल, हनुवटी आणि कानांच्या मुळाशी खाजवलेलं बहुतेक मांजरांना आवडतं. गालांवर, हनुवटीवर, कपाळावर त्यांच्या गंधग्रंथी असतात. आपल्या पायांवर किंवा दाराच्या चौकटीवर ते गाल घासतं तेव्हा आपला वास लावून ती जागा आपलीशी करत असतं. म्हणून आधी बोट पुढे करा, नाकाच्या उंचीवर. त्याने वास घेऊन गाल घासला तर परवानगी मिळाली. मान मागे घेतली तर आज नको.

मग तीन सेकंद कुरवाळा आणि हात थांबवा. मांजर हाताकडे डोकं आणतं का, ते बघा. आणलं तर पुढे चला, नाही तर हात काढून घ्या.

"प्रेमाने कुरवाळत होतो आणि अचानक चावलं" ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. ते अचानक कधीच नसतं. आधी घुरघुर थांबते. मग शेपटीचं टोक एकदा उडतं, पुन्हा उडतं. एक कान बाजूला झुकतो. पाठीच्या कातडीवरून कमरेपासून खांद्याकडे एक शिरशिरी धावते, वाऱ्याने पाणी हलावं तशी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, डोकं हाताकडे वळतं आणि त्यानंतर दात लागतात. एवढ्या पाच सूचना दहा-पंधरा सेकंदांत येऊन जातात. पहिल्या किंवा दुसऱ्या सूचनेला हात काढला तर पाचवी येत नाही. दात लागलेच तर हात झटक्याने ओढू नका, ओढलेला हात पळणाऱ्या भक्ष्यासारखा असतो. हात सैल सोडा, पकड सुटली की हळू काढा. चाव्याने कातडी फुटली असेल तर साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. मांजराच्या बारीक, टोकदार सुळ्यांनी जंतू खोल जातात, आणि रेबीजचा प्रश्नही डॉक्टरांनीच निकाली काढायचा असतो.

उताणं होऊन पोट दाखवणं म्हणजे विश्वास आहे, पोटाला हात लावायचं आमंत्रण नाही.

आवाज

मोठी मांजरं एकमेकांशी फारशी म्याँव म्याँव करत नाहीत. पिल्लू आईला हाक मारतं तो आवाज ती माणसांसाठी पुढे राखून ठेवतात. प्रत्येक मांजर आपापल्या माणसाबरोबर त्यात भर घालतं, त्यामुळे तुमच्या मांजराची 'दार उघड' आणि 'भूक लागली' ही म्याँव शेजारच्या मांजराच्या म्याँववरून ओळखता येणार नाही. आठवडाभर कोणता आवाज कुठे आणि कधी येतो ते लिहून ठेवा, ओळख पटते.

घुरघुर बहुधा समाधानाची असते, नेहमीच नाही. दुखत असताना, घाबरलेलं असताना, पिल्लं होत असतानाही मांजर घुरघुरतं. कोपऱ्यात अंग चोरून, न खाता बसलेलं मांजर घुरघुरत असेल तर निर्धास्त होऊ नका. खिडकीबाहेर पक्षी दिसला की दात कटकटवत 'कक्-कक्' करणं ही शिकारीची उत्तेजना. रात्रभर लांबलचक, घशातून ओरडणं हे नसबंदी न झालेल्या मांजरात माजाचं लक्षण असतं. म्हाताऱ्या मांजराने तसं ओरडायला सुरुवात केली तर थायरॉईड आणि रक्तदाब तपासून घ्या.

खोड्या वाटतात त्या गोष्टी

सोफा ओरबाडणं ही खोडी नाही. नखांवरचं जुनं कवच काढणं, पाठ ताणणं आणि पंजांतला वास सोडणं ही तिन्ही कामं त्यात होतात, त्यामुळे ते बंद करता येत नाही, दुसरीकडे वळवता येतं. ८० ते ९० सेंटिमीटर उंचीचा, दोरखंड गुंडाळलेला, ढकलला तरी न डुगडुगणारा खांब घ्या आणि ज्या सोफ्यावर हल्ला होतो त्याच्या शेजारीच ठेवा. खांब कोपऱ्यात नेऊन ठेवतात म्हणून तो कोरा राहतो. एकदा डुगडुगला तरी बरीच मांजरं त्याच्याकडे पुन्हा वळत नाहीत. सोफ्याच्या त्या जागी काही आठवडे दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. नखं उपटण्याची शस्त्रक्रिया मात्र कधीही करू नये. त्यात बोटाचं शेवटचं हाडच कापलं जातं.

पंजांनी पोट किंवा पांघरूण मळणं ही दूध पिताना आईच्या पोटावर दाब द्यायची लहानपणची सवय. नखं टोचत असतील तर मध्ये जाड पांघरूण घ्या, ढकलू नका.

पहाटे चारला पायाच्या अंगठ्यावर झडप घातली जाते, कारण मांजर पहाटे आणि संध्याकाळी सर्वांत जास्त जागं असतं. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरीच्या खेळण्याने दमेपर्यंत खेळवा, शेवटी खेळणं पकडू द्या आणि लगेच रात्रीचं जेवण द्या. शिकार, जेवण, चाटून साफ होणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. पहाटे उठून खायला देणं पूर्ण बंद करा. बंद केल्यावर पहिले काही दिवस ओरडणं वाढेल, आणि त्याच दिवसांत हार मानली तर जास्त ओरडलं की खायला मिळतं हे ते शिकतं. खेळून झाल्यावर दोरी कपाटात ठेवा. गिळलेली दोरी आतड्यात अडकून जीव घेते.

नवं मांजर दोन-चार दिवस पलंगाखाली बसून राहिलं तर त्याला ओढून बाहेर काढू नका. एका खोलीत पाणी, खाणं, लपायला खोका आणि लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठी वाळूसारखं 'लिटर' भरलेली पेटी) ठेवून तिथूनच सुरुवात करा. ते स्वतःहून बाहेर येऊन शेपटी उभी करून फिरू लागलं की पुढची खोली उघडा.

लिटर बॉक्सबाहेर घाण होत असेल तर

मांजर सूड म्हणून गादीवर मुतत नाही. बॉक्समध्ये, जागेत किंवा मूत्रमार्गात काहीतरी बिनसलेलं असतं आणि कारण शोधायचा क्रम ठरलेला आहे. आधी पशुवैद्याकडून लघवी तपासून घ्या, मग बॉक्सकडे वळा.

बॉक्सची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवी. बाजारात मिळणारे बरेच बॉक्स मोठ्या बोक्याला लहान पडतात, त्यापेक्षा प्लॅस्टिकची मोठी, उथळ पेटी बरी. मांजरांच्या संख्येहून एक बॉक्स जास्त ठेवा, आणि सगळे एका रांगेत मांडू नका, मांजराच्या हिशेबी ती एकच जागा होते. लिटरचा थर चार-पाच सेंटिमीटर, बारीक आणि बिनवासाचा. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी बनवलेलं असतं. गोळे दिवसातून एकदा तरी काढा, शक्यतो दोनदा. खाण्याच्या भांड्यांपासून बॉक्स लांब ठेवा, आणि अचानक खडखडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. लिटरचा प्रकार बदलायचा असेल तर नवं दुसऱ्या बॉक्समध्ये ठेवून मांजराला निवडू द्या.

बाहेर झालेली लघवी एन्झाइम असलेल्या क्लीनरने पुसा. अमोनियाच्या द्रावणाने पुसलं तर वास लघवीसारखाच राहतो आणि मांजर तिथेच परत जातं.

बसून केलेली लघवी आणि उभ्याने मारलेला फवारा वेगळे. पाठ भिंतीकडे, शेपटी उभी आणि थरथरती, आणि भिंतीवर धार, हा फवारा म्हणजे हद्द आखणं. चार-पाच महिन्यांच्या सुमाराला नसबंदी केली तर बहुतेक बोक्यांत ही सवय लागतच नाही.

ताबडतोब पशुवैद्याकडे

बोका पुन्हा पुन्हा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय आणि लघवी थेंबभर होतेय किंवा होतच नाही, तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत प्राण जातात. बरेच जण याला बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करतात आणि तिथेच वेळ जातो.

चोवीस तास काहीच न खाल्लेलं मांजर दाखवायलाच हवं, लठ्ठ असेल तर अधिक तातडीने, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचायला लागते. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, झोपेत मिनिटाला तीसहून जास्त श्वास, लिली फुलाचा कुठलाही भाग किंवा त्याचे परागकण पोटात जाणं, पॅरासिटामॉलची गोळी चाटणं, कुत्र्यासाठीचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध अंगाला लागणं, यांतल्या प्रत्येकात तासातासाला फरक पडतो.

मांजर दुखणं लपवतं, म्हणून सवयीतला बदल हाच पहिला पुरावा मानावा: उंचावर उडी मारणं सोडलं, अंग चाटणं कमी झालं, केस गुंतायला लागले. याच यादीत नावही ठेवा. महिनोन् महिने हाकेला कान वळवणाऱ्या मांजराचा कान वळेनासा झाला तर वर सांगितलेली कागदाची परीक्षा घ्या. कागदाला वळतो आणि नावाला नाही, असं असेल तर आधी घरातली हाक तपासा. दोन्हींना वळत नसेल तर कान, दात आणि सांधे दाखवून घ्या.

दवाखान्यात जाण्याआधी जे बदललंय त्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण परक्या टेबलावर मांजर ते लक्षण दाखवत नाही. न्यायचा पिंजरा एरवीही खोलीतच उघडा ठेवा, आत ओळखीचं फडकं घालून, म्हणजे तो दिसला की पळापळ होत नाही. आणि त्या वेळी तुम्ही स्वतः उठून मांजराजवळ जा, छातीशी धरा आणि मागच्या पायांकडून आत सरकवा. नाव घेऊन बोलावू नका.